टोपीवाला, ते दोघे आणि माझं इंग्रजी

दुष्काळात आम्ही करमाळ्याकडचं गाव सोडून सोलापूरला निघालो तेव्हा जवळ भांड्यांची दोन गाठोडी, एक घोंगडं आणि माझा शाळेचा दाखला एवढंच होतं. दाखला आईनं पदराच्या गाठीत बांधला होता म्हणून टिकला. घोंगडं मोडनिंबाला एसटीतच राहिलं. वडील बाजारात पोती उचलायला लागले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पाठीत अशी चमक भरली की त्यानंतर भरलेली कळशीसुद्धा त्यांना उचलता आली नाही. तिथून पुढं आमचं घर आईच्या दहा बोटांवर चाललं. ती विड्या वळायची.

पहाटे पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची आणि सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायची. वडील भिंतीला टेकून पानांच्या शिरा काढून द्यायचे. रोजचा ठरलेला आकडा पुरा झाला नाही तर कारखान्यात बोलणी खावी लागत. मी शाळेतून आले की दोरा बांधायला बसायची. खोलीत तंबाखूचा खकाणा असा भरलेला असायचा की माझी वह्या-पुस्तकं उघडली तरी शिंका यायच्या. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी एकदा म्हणाली, "तुझ्या घरी कोण विड्या ओढतं गं?" मी म्हणाले, "कुणीच नाही. आम्ही फक्त करतो."

हे मी रडायला सांगत नाही. आमच्या साऱ्या भावकीत मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि मी बी. ए. च्या वर्गात बसत होते, याची मला चांगलीच घमेंड होती. फक्त एक अडचण होती. सगळे विषय सुटले, आवश्यक इंग्रजी काही सुटेना. दोनदा बसले, दोनदा उडाले. गाईडातले बारा निबंध पाठ करून जायचे आणि पेपरात तेरावाच यायचा. आता शेवटची संधी होती. ती गेली की पदवी गेली.

वडील वाईट माणूस नव्हते, पण सरळ बोलायचे. "सुटलं तर सुटलं. न्हाईतर सूप हाय की." कारखान्यात विडी कामगार म्हणून माझ्या नावाचं कार्ड करून ठेवायचं बोलणंही झालं होतं. त्यावर आईनं एकदाच आपली बोटं माझ्यासमोर धरली. टोकाला तंबाखूनं काळी, मधे दोऱ्यानं कापलेली. "बघून ठिव," म्हणाली, आणि परत वळायला लागली.

आता यात परदेशातला हार्ड रॉक बँड कुठून आला, ते सांगते.

कारखान्याचा तपासनीस ज्या विड्या नापास करून बाजूला काढायचा त्यांना आम्ही छाट म्हणायचो. आईच्या छाटाला एक कायमचं गिऱ्हाईक होतं. रेल्वेतले निवृत्त गार्ड, धर्मानं ख्रिस्ती, साठी उलटलेली, अंगात अजून रेल्वेचा कोट. छाट ओढायला जास्त कडक लागते असं त्यांचं म्हणणं होतं. एक दिवस ते दारात उभे असताना मी आत मोठ्यानं इंग्रजी निबंध घोकत होते. ते ऐकत राहिले, आणि मग आत डोकावून म्हणाले, "पोरी, हे तू काय बोलतेस ते तुला कळतं?"

"नाही," मी म्हणाले. खोटं का बोला.

"मग पेपर तपासणाऱ्याला कसं कळणार? शनिवारी दुपारी घरी ये. मी शिकवतो. फी म्हणून छाट चालेल."

वयात आलेली पोर परक्या घरी एकटी कशी पाठवायची? आई म्हणाली, "मी येते की संगं." आणि ती आली, ती सूप घेऊनच. गार्डसाहेबांच्या व्हरांड्यात पायरीवर बसून ती विड्या वळायची आणि मी आत शिकायची. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आंटीनं, तिला खुर्ची देऊ केली तर म्हणाली, "खुर्चीत सूप बसत न्हाय, बाई."

पहिल्या शनिवारी मला वाटलं, आता व्याकरण काढतील. गार्डसाहेबांनी, म्हणजे माझ्या तोंडी बसलेल्या अंकलनी, कपाट उघडलं आणि रेकॉर्डी काढल्या. त्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर होता. प्रत्येक फेरीला तो एकाच बँडची नवी रेकॉर्ड आणायचा. बँडचं नाव लिहीत नाही, गार्डसाहेबांनी ते मला जितक्या वेळा ऐकवलं तितकं पुरे आहे. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि मी खरोखर कानांवर हात ठेवले. पत्र्याच्या शेडवर कुणीतरी साखळदंड ओढतंय असा तो आवाज. बाहेरून आईचा आवाज आला, "काय पडलं का वो?"

आंटी म्हणाली, "काही पडलं नाही. हे असंच असतं. चाळीस वर्षं मालगाडीच्या खडखडाटात काढली यांनी. आता घर शांत असलं की यांना झोप लागत नाही."

त्यांची शिकवण्याची रीत अशी. त्या बँडमध्ये बाकीचे लोक तेच राहिले, पण गिटारवाले बदलत गेले. म्हणून त्याचे तीन काळ झाले होते. पहिल्या काळात एकटा गिटारवाला. रेकॉर्डच्या कव्हरवर तो डोळ्यांवर टोपी ओढून उभा होता, म्हणून आमच्यात त्याचं नाव टोपीवाला. तो गेल्यावर दोघे आले, एक डावखुरा आणि एक मिशीवाला. ते दोघे गेल्यावर तिसऱ्या काळात एक कुरळ्या केसांचा पोरसवदा. मी दर शनिवारी दोन काळांची तुलना इंग्रजीत एक पानभर लिहून आणायची. 'गुड', 'नाइस' आणि 'ब्यूटिफुल' या तीन शब्दांना बंदी.

"मग लिहू काय?" मी विचारलं.

"काय ऐकलंस ते. कोण भारी ते शेवटच्या ओळीत. आधी ऐकलेलं."

सुरुवातीला माझ्या पानावर तांबड्या शाईचा नुसता सडा असायचा. पण सांगते, ऐकायला शिकले. एक संथ गाणं होतं. टोपीवाल्यानं ते पहिल्या रेकॉर्डवर वाजवलेलं, आणि पुढं त्या दोघांनी भरलेल्या हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलेलं. तेच गाणं, तेच बोल. शेवटच्या कडव्याआधी टोपीवाला एकच सूर धरतो आणि विझत विझत जाऊ देतो. इतका विझू देतो की रेकॉर्ड संपली असं वाटावं. दोघांच्या वेळी डावखुरा तो सूर धरतो, पण विझायच्या आत मिशीवाला खालून वर चढत येतो आणि तो सूर उचलून घेतो. मला ते फार आवडलं. एकट्यानं भार वाहायचा नाही, दुसऱ्यानं येऊन हात द्यायचा. मी दोघांच्या बाजूची झाले.

अंकल कट्टर टोपीवाल्याचे. "तो गेला आणि बँड संपला. बाकी सगळी वरात."

"पण अंकल, ती शांतता फार लांबते. माणूस उठून जाईल."

"उठून जाणारा माणूस गेलेलाच बरा!"

कुरळ्याबद्दल मात्र आमचं एकमत होतं. तो इतक्या जलद वाजवायचा की मला सात रस्ता चौकातल्या टायपिंग क्लासची आठवण यायची. ते मी पानात लिहिलं. अंकलनी त्या वाक्याला तांबडी शाई लावली नाही. उलट आंटीला हाक मारून वाचून दाखवलं. ते माझं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य. आजही मला कुरळ्यावर थोडा अन्याय केल्यासारखं वाटतं. त्याच्या जलद वाजवण्यात मधेच एखादी ओळ हसरी असते, ती तेव्हा मला ऐकू आली नव्हती. पण वाक्य चांगलं होतं.

आता गडबड कशी झाली ते.

टोपीवाल्याची शेवटची रेकॉर्ड म्हणजे गार्डसाहेबांचं देवघर. ती वर्षातून मोजक्या वेळाच निघायची. कव्हरवर तो एकटा, गिटारवाला म्हणून नावही त्याचं एकट्याचं. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दोन गाण्यांत त्यानं जे वाजवलंय ते पृथ्वीवर पुन्हा कुणी वाजवणार नाही, असं ते म्हणायचे. परीक्षेला दोन महिने राहिले असताना एका शनिवारी त्यांनी ती काढली, हात पुसून लावली, आणि डोळे मिटले. शेवटचं गाणं सुरू झालं.

बाहेरून आई म्हणाली, "ह्यो त्यो न्हाय."

अंकलनी डोळे उघडले. "काय म्हणाली ती?"

"टोपीवाला न्हाय ह्यो," आईनं मान वर न करता सांगितलं. "डावखुरा हाय. टोपीवाल्यावानी वाजवतोय. पर हात त्याचा न्हाय."

अंकल आधी हसले. मग कव्हर घेऊन व्हरांड्यात गेले आणि आईसमोर धरलं. "बाई, हे बघा. नाव लिहिलंय. इथं दुसरा कुणीच नाही."

"मला वाचता येत न्हाय, गार्डसाहेब. ऐकू येतं."

"अहो, पण कशावरून?"

आईनं हातातली विडी पुरी केली, सुपात टाकली आणि मग बोलली. "टोपीवाला सूर धरला की लगीच हालवतो. ह्यो आधी सरळ धरतो न् मग हालवतो. हितं लगीच हालवायला बघतोय, पर दमला की इसरतोय. कुणी इडीचं तोंड आधी मुडपतं न् मग दोरा बांधतं, कुणी आधी दोरा. हात लपत न्हाय."

तिला हे कसं कळायचं ते मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत रीत होती. एखादी बाई आजारी पडली की बाकीच्या तिच्या वाटणीच्या विड्या वळून द्यायच्या, म्हणजे तिचं नाव कटायचं नाही. पण तपासनीस वस्ताद होता, दुसरीचा हात ओळखायचा. म्हणून ते काम आईकडं यायचं. ती जिच्यासाठी वळायची तिच्यासारखीच वळायची. एकीची सैल, एकीची बुडाशी जाड. दुसऱ्याच्या हातानं काम करणारा माणूस कुठं चुकतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आंटीनं आगीत तेल ओतलं. "परीक्षा घ्या की तिची." अंकलनी चिडून रेकॉर्डीवर रेकॉर्डी लावल्या, कव्हर लपवून, मधूनच सुई टेकवून. आई वळता वळता सांगत गेली. टोपीवाला. मिशीवाला. डावखुरा. "ह्यो टायपिंगवाला." एकदाही चुकली नाही. शेवटी त्यांनी पुन्हा तेच गाणं लावलं. आई म्हणाली, "किती डाव इचारनार? डावखुराच हाय त्यो."

अंकलनी रेकॉर्ड उचलली, पाकिटात घातली आणि म्हणाले, "आज एवढंच." पुढच्या शनिवारी गेलो तर दार आंटीनं उघडलं. "त्यांची तब्येत बरी नाही." आतून पेपर चाळल्याचा आवाज येत होता. त्याच्या पुढच्या शनिवारीही तब्येत बरी नव्हती.

मी घाबरले. माझं इंग्रजी कुठं आता उभं राहत होतं, आणि परीक्षा तोंडावर. घरी येऊन आईवर चिडले. "एकदा म्हण ना, ऐकण्यात चूक झाली म्हणून! काय जातं तुझं?"

"चूक झाली न्हाय तर कशी म्हनू?"

"माझं वर्ष जाईल!"

"तुजं वर्ष जाऊ ने म्हनून मी खोटं बोलू, आन् त्या मानसाच्या घरात बसून?" ती म्हणाली. "त्यानं तुला काय शिकवलं? आधी ऐकलेलं लिव्ह, असंच की न्हाय? मग तू लिव्ह."

वडील पानाची शीर काढता काढता म्हणाले, "ती आता मागं सरायची न्हाय. माझ्या लग्नापासनं बघतोय मी."

मग मी लिहिलं. रेकॉर्ड समोर नव्हती, पण कानात होती. एक पान नाही, चार पानं झाली. टोपीवाल्याचं जुनं संथ गाणं आणि ते शेवटचं गाणं शेजारी शेजारी ठेवलं. कुठं सूर लगेच हालतो, कुठं सरळ राहतो, शांतता कुठं सोडली आहे आणि कुठं सोडायची हिंमत झालेली नाही. टोपीवाल्याबद्दल वाकडा शब्द लिहिला नाही. उलट अंकलची बाजू आधी मांडली, त्यांच्याच जोरानं. नक्कल करायला माणूस तेवढा मोठा लागतो, असंही लिहिलं. आणि शेवटच्या ओळीत, मला आईचं म्हणणं पटतं. पानं आंटीच्या हातात दिली आणि छाटाची पुडीही दिली, कारण फी ती फी.

चार दिवसांनी पानं परत आली. स्वतः अंकल घेऊन आले, आमच्या गल्लीत, कोट घालून. चार पानांत तांबड्या खुणा मोजून नऊ. शेवटी लिहिलं होतं, इंग्रजीतच: 'तुझा निष्कर्ष चुकीचा आहे. तुझं इंग्रजी बरोबर आहे. शनिवारी ये.'

दारातच आईला म्हणाले, "बाई, मी मुलाला पत्र लिहिलंय. तो तिकडं चौकशी करेल. तुम्ही हरलात तर परीक्षा झाल्यावरही वर्षभर छाट फुकट."

"आन् तुमी हरला तर?"

"तर काय मागता?"

आईनं हातातली विडी सुपात टाकली. "तर त्यो आवाज जरा बारीक करा. सूप हादरतं."

पत्राचं उत्तर परीक्षेच्या आठवडाभर आधी आलं. मुलाला कुठल्याशा बंदरात त्या बँडची माहिती असलेलं एक मासिक मिळालं होतं. त्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण चालू असताना टोपीवाल्याचं मनगट दुखावलं. दोन गाणी राहिली होती. तेव्हा बँडमध्ये नसलेल्या डावखुऱ्यानं येऊन ती त्याच्यासारखी वाजवून दिली, आणि कव्हरवर आपलं नाव घालू दिलं नाही.

अंकलनी पत्र मला वाचायला लावलं, मोठ्यानं, आणि मी आईला मराठीत सांगितलं. मग अंकलनी ती रेकॉर्ड काढली, शेवटचं गाणं लावलं आणि उठून आवाज थोडा कमी केला. संपल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी त्याला वरात म्हणत होतो."

"लई चांगलं वळलंय पर," आई म्हणाली. वाजवलंय म्हणायचं होतं तिला, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

आंटी चहा घेऊन आली. "मला तर तेव्हाही सगळे सारखेच बडवतात असं वाटायचं, आणि आताही वाटतं." तेव्हा कुठं अंकल हसले.

पेपरात निबंधाला तीन विषय होते. पूर, खेड्यातला बाजार आणि शिस्त. माझ्या बारा पाठ निबंधांतला एकही नाही. पण यंदा मला घाम फुटला नाही. मी शिस्त घेतली आणि तीन काळांतल्या गिटारवाल्यांवर लिहिलं. टोपीवाल्याची शिस्त थांबण्यात होती. त्या दोघांची, एकमेकांना जागा देण्यात. कुरळा अजून शिस्तीच्या शोधात आहे, असं लिहिलं, टायपिंग क्लासचं वाक्य तिथं चपखल बसलं. आणि सगळ्यांत मोठी शिस्त डावखुऱ्याची, जो दुसऱ्याच्या हातानं वाजवतो आणि नाव सांगत नाही. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवणारा शिपाई दोनदा वाकून बघून गेला, कारण मी मधेच बोटानं बाकावर ठेका धरत होते.

निबंध कशावर लिहिला हे कळल्यावर अंकल उखडले. "टोपीवाल्यापेक्षा डावखुऱ्याला जास्त शिस्त? ही मुलगी नापास व्हायला पाहिजे."

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला तेव्हा आई आणि वडील दोघेही आले होते. वडील पाठीला हात लावून गर्दीच्या मागं उभे राहिले. मी माझा नंबर शोधला, मग इंग्रजीचा आकडा बघितला आणि खात्री करायला बोट ठेवून पुन्हा बघितला. पासाला पस्तीस लागत होते. मला सत्तावन्न मिळाले. त्या वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेलं पहिलं माणूस मी.